पान्ह्याची तिसरी ओळ

*रिती चरवी वाजती, वाजती गं दारात…*

हा आवाज मनस्विनीनं ऐकला तेव्हा ती एवढीशी होती. मुकुंदवाडीत रुळांच्या पलीकडं तेव्हा म्हशींचे गोठे होते. संध्याकाळी वडिलांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून, हातात झाकणाचा डबा घेऊन ती दुधाला जायची. गोठ्यातून आधी सरकीच्या पेंडीचा वास यायचा, मग शेणाचा, आणि मग त्या वासांवर तरंगत आल्यासारखा एका बाईचा घोगरा, लाडिक आवाज. बाई म्हशीची कास कोमट पाण्यानं धुवायची आणि धुता धुता पहिली ओळ म्हणायची. पाठीवरून हात फिरवत दुसरी म्हणायची:

*हिरवा भारा सांडला, सांडला गं गोठ्यात…*

मग उठून म्हशीच्या तोंडाकडं जायची, तिच्या कानाला ओठ लावायची आणि काहीतरी पुटपुटायची. परत येऊन बसली की चरवीत धार वाजायला लागायची.

"मावशी, कानात काय सांगितलं?"

"ते तिचं नि माझं."

"मला सांगा की."

"तुला सांगितलं तर तुझ्या डब्यात दूध कोण देईल गं?"

वडील, श्रीनिवासराव, बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवायचे. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला घरीसुद्धा घाईच असायची. पुढं गोठे उठले आणि तिथं इमारती आल्या. दूध पिशवीत यायला लागलं. मनस्विनी शिकली, जनावरांची डॉक्टर झाली आणि लासूर स्टेशनजवळच्या दवाखान्यात रुजू झाली. त्या दोन ओळी मात्र तिच्याजवळ तशाच राहिल्या, टोकाला गाठ न मारलेल्या दोऱ्यासारख्या.

घट बसले त्या आठवड्यात शिवना नदी गावात शिरली. पाणी उतरल्यावर मनस्विनीचे दिवस चिखलात, फुगलेल्या जनावरांमध्ये आणि मदतीच्या कागदांमध्ये गेले. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि जांभळथडीच्या वहिदाबीचं एकच प्रकरण अडकून राहिलं होतं. त्यासाठी ती तलाठी अभयबरोबर तिच्या अंगणात उभी होती. सरकारनं तलाठ्याच्या पदाला नवं लांबलचक नाव दिलं होतं, पण ते अजून गावाच्या जिभेवर बसलं नव्हतं.

"मॅडम, तुम्हीच बघा," अभय म्हणाला. "बाईंची म्हैस वाहून गेली. गेली, मान्य. पण मग ही कोण?"

गोठ्यात एक काळीभोर म्हैस रवंथ करत उभी होती.

"पाहुणी," वहिदाबी म्हणाली. साठीची, बारीक अंगाची बाई. डोक्यावरची ओढणी दातात धरून ती खाट झटकत होती.

"पाहुणी तीन आठवडे राहते का?"

"तुमचे मेव्हणे ऱ्हातात की."

अभय हसला, पण फाईल काही उघडली नाही. तो मनस्विनीला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. "माझा बाईवर राग नाही. पण वर विचारलं तर काय सांगू? हिच्या म्हशीच्या कानात बिल्ला होता, हिच्या नावावर. आता म्हैस दारात उभी आहे आणि नेमका बिल्लाच नाही. लोक म्हणतात, बिल्ला ओरबाडला आणि म्हैस वाहून गेली म्हणून सांगितलं. पुरवणी यादी सोमवारी बंद होतेय. ही म्हैस हिची नाही, असं कोणीतरी ठामपणे म्हणायला पाहिजे. म्हणजे खऱ्या मालकानं."

"नोंदीत वर्णन असेल ना?"

"आहे. रंग काळा. शिंगं मागं वळलेली."

"बस?"

"म्हशीचा रंग दुसरा कोणता लिहिणार, मॅडम?"

मनस्विनी म्हशीजवळ गेली. डाव्या कानाची कड फाटली होती आणि जखम भरत आली होती. काट्याकुट्यात अडकून फाटला, का कोणी फाडला, हे आता देवालाच विचारायला हवं. गळ्यात दाव्याचा हातभर तुकडा होता. तो मात्र तुटलेला नव्हता. विळ्यानं एका झटक्यात कापावा तसा सरळ कापलेला होता.

"हे दावं तुम्ही कापलं, वहिदाबी?"

"मी कशाला? अशीच आली की. सकाळी पाणी जरा खाली बसलं, तर ही त्या उकिरड्याच्या उंचवट्यावर उभी. अंगभर गाळ. माझी बिजली गेली त्याच जागी ही. मला वाटलं, बिजलीच आली म्हणून मी पळत गेले." ती थांबली. "बिजली असती तर लाथ मारली असती. हिनं माझा हात चाटला."

"लाथेची नोंद नसते हो," अभय म्हणाला.

"तुम्ही एक लाथ खाल्ली असती ना तलाठी साहेब, तर जन्मभर नोंद राहिली असती."

मालकाचा शोध वहिदाबीनं घेतला होता. मशिदीच्या भोंग्यावर सांगितलं, मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरही सांगायला लावलं. तिचा मुलगा फारूख दुधाचा टेम्पो चालवतो, त्यानं म्हशीचा फोटो मोबाइलवर गावोगाव फिरवला. चार-दोन माणसं येऊन बघून गेली. ज्यांची जनावरं गेली ते कान बघायचे, शिंगं चाचपायचे आणि मान हलवून परत जायचे.

"एकदा सकाळी मात्र हिनं दावं लई ताणलं बघा," वहिदाबी म्हणाली. "त्या बाभळीच्या कुंपणाकडं बघून रेकत होती, रेकत होती. मी गेले, तर कोणीच नाय. तवापासून तर पान्हाच चोरायलीय. अर्धा शेर देती आणि वर ओढून घेती. कास दगड झालीय. कोणी म्हणलं, इंजेक्शन टोच. मी नको म्हणलं. दुसऱ्याची लेक हाय."

मनस्विनी खाली बसली. तिनं कासेला हात लावला तशी म्हैस अंग चोरून बाजूला सरकली. कास तट्ट भरलेली होती आणि एक सड गरम लागत होता. अशीच राहिली तर दोन दिवसांत कास जाईल. वहिदाबीनं कोमट पाण्याची बादली आणून ठेवली. मनस्विनी हळूहळू कास धुवायला लागली. हात पाण्यात गेला, सरकीच्या पेंडीचा वास नाकात शिरला, आणि ओठांवर काय आलं ते तिचं तिलाही उशिरा कळलं.

"रिती चरवी वाजती, वाजती गं दारात…"

म्हशीची रवंथ थांबली.

मनस्विनीनं मान वर करून पाहिलं. दोन्ही कान, शाबूत आणि फाटका, मागं वळले होते.

"हिरवा भारा सांडला, सांडला गं गोठ्यात…"

हाताखाली कास सैल पडली. गाठ उकलावी तशी. सडाच्या टोकाला थेंब आले, एक बारीकशी धार निघाली. मग म्हशीनं मान वळवली, मनस्विनीकडं पाहिलं आणि वाट बघत उभी राहिली. धार थांबली. कास पुन्हा घट्ट झाली.

"या अल्ला," वहिदाबी म्हणाली.

"ती पुढच्या ओळीची वाट बघतेय," मनस्विनी म्हणाली. "मला येत नाही ती."

"मॅडम, हे फाईलमध्ये कसं लिहू?" अभयनं विचारलं, पण त्याचा आवाजही खाली आला होता.

"तुम्हाला कुठं घावलं हे?" वहिदाबी जवळ येऊन बसली. "मुकुंदवाडीत तर नव्हे?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मग सत्यभामाच ती. हिवरदरीची, नदीच्या वरल्या अंगाची. लई वर्षं तिकडं म्हशी पाळल्या तिनं. मालक गेला, गोठा मोडला, मग गावी आली. तिच्या गाण्यावर म्हशी सोडत्यात असं सगळी म्हणायची." वहिदाबीचे डोळे चमकले आणि लगेच विझले. बोटांनी ती ओढणीचा काठ चुरगाळायला लागली. "तिचीबी म्हैस गेली पुरात. तिला मदत मिळाली. आली बी."

हिशेब तिघांच्याही लक्षात आला. म्हैस जिवंत आहे असं सत्यभामाबाईंनी म्हटलं, तर वहिदाबीची मदत मोकळी होणार होती आणि त्यांची स्वतःची परत जाणार होती.

"ऱ्हाऊ द्या, बेटा," वहिदाबी म्हणाली. "तिचं घर अर्धं पडलंय."

पण मनस्विनीला राहवणार नव्हतं. सोमवार जवळ आला होता हे खरंच होतं. पण त्याच्याही आतून कोणीतरी डबा हातात घेऊन विचारत होतं: कानात काय सांगितलं?

हिवरदरीत घर शोधावं लागलं नाही. अर्ध्या भिंती गाळानं पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर नवे कोरे पत्रे उन्हात लखलखत होते. दारात मक्याची कणसं पसरून सत्यभामाबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण हात तेच. रुंद, आणि अंगठ्याच्या पेराला घट्टा पडलेला.

"मावशी, मी मुकुंदवाडीची. दुधाला यायचे. श्रीनिवासरावांची मुलगी."

सत्यभामाबाईंनी डोळे बारीक केले आणि एकदम खुदकन हसल्या. "अगं बया! हारनवाल्याची पोर! डब्याचं झाकण रोज हरवायची तू. एकदा तर म्हशीच्या खुराखाली घावलं. आता काय करतीस?"

"जनावरांची डॉक्टर आहे. लासूरला."

"आमच्या दुधावर शिकली म्हणायची मग."

चहा झाला. पत्र्यांचं कौतुक झालं. सत्यभामाबाई पत्र्याकडं बघत बोलत होत्या. "मदतीतून घेतले, वैजापूरहून. बिल्ला मारायला माणूस आला तवा पोरगा घरी नव्हता, म्हणून म्हस माझ्या नावावर लागली. तर पैसे माझ्या नावानं आले. बँकेतल्या पोरानं सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन हाक मारली, 'सत्यभामाबाई कोण?' अख्ख्या जन्मात माझ्या नावानं पैला पैसा आला बघ. त्याआधी सगळं साहेबरावांच्या नावानं यायचं, ते गेल्यावर पोराच्या."

मनस्विनीला पुढचं बोलणं जड झालं. रिकाम्या गोठ्यात खुंटीला दाव्याचा उरलेला तुकडा तसाच बांधलेला होता. त्याचंही टोक सरळ कापलेलं होतं.

"मावशी, मी एक विचारायला आले होते. तिसरी ओळ काय होती?"

कणसं सोलणारे हात थांबले.

"कशाची?"

"पान्ह्याची. दोन मला येतात. तिसरी तुम्ही कानात सांगायच्या."

"विसरले गं."

"तुम्ही?"

"म्हस गेली, गाणं कशाला ऱ्हातंय? त्या ओळीत म्हशीचं नाव असतं. ते मोठ्यानं घेत नसतात. दुसऱ्या कोणी ऐकलं, तर म्हस दुसऱ्याच्या हातातबी सोडती."

मग मनस्विनीनं वहिदाबीची सगळी हकिगत सांगितली. आरोप केला नाही, उलट काही विचारलंही नाही. वाटेवर पाहिलेली नवलाची गोष्ट सांगावी, तसं सांगितलं. तलाठी म्हणतो ही वहिदाबीचीच म्हैस आहे. सोमवारी यादी बंद होईल. लोक वहिदाबीला लबाड म्हणायला लागलेत.

"वहिदाबी खोटं बोलणारी नाय," सत्यभामाबाई खाली बघत म्हणाल्या.

"मग कोणीतरी तसं म्हणायला पाहिजे ना, मावशी."

सोललेलं कणीस त्या पुन्हा सोलत राहिल्या.

मनस्विनी उठली आणि चपला घालता घालता म्हणाली, "ती पान्हा चोरतेय. एक सड तापलाय. आज-उद्या मोकळी झाली नाही तर कास जाईल."

"डावा मागला का?" सत्यभामाबाईंनी चटकन विचारलं. "तो आधीपासूनच बारीक हाय. त्याला अंगठ्यानं नको, चिमटीनं…"

त्यांनी जीभ चावली. पत्रे उन्हात तडतडले. मनस्विनीनं मावशींकडं पाहिलं नाही. चपलेचा पट्टा नीट बसला होता, तरी ती पुन्हा वाकून तो लावत राहिली. मग "येते मावशी," एवढंच म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती औषध घेऊन वहिदाबीकडं पोचली. अभय आधीच खाटेवर बसला होता. सुट्टीच्या दिवशी का आलात म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मलापण ती ओळ ऐकायचीय." म्हैस रात्रभर बसली नव्हती. मान खाली घालून उभी होती, चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

फारूखचा टेम्पो दारात येऊन थांबला. दुधाच्या कॅनच्या मधून, नऊवारीचा काष्टा सावरत, सत्यभामाबाई उतरल्या. हातात पितळेची चरवी होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

म्हशीनं मान वर केली. आणि जी काय रेकली, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"हो, हो, आले," सत्यभामाबाई म्हणाल्या, जणू शेजारून हाक आली होती. कोणाकडं न बघता त्या सरळ गोठ्यात गेल्या. वहिदाबीनं कोमट पाण्याची बादली पुढं सरकवली. सत्यभामाबाईंनी कास धुतली. घोगरा आवाज वयानं चिरला होता, पण लाड तसाच होता.

"रिती चरवी वाजती, वाजती गं दारात… हिरवा भारा सांडला, सांडला गं गोठ्यात…"

त्या उठल्या आणि म्हशीच्या तोंडाशी गेल्या. फाटक्या कानाला ओठ लावले. मनस्विनी एक पाऊल पुढं सरकली. आता त्या पुटपुटतील, म्हैस सोडेल, आणि ओळ पुन्हा त्या दोघींतच राहील.

सत्यभामाबाई कानापाशी थांबल्या. मग ओठ बाजूला घेतले, ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडं तोंड करून म्हणाल्या:

"सोड पान्हा गेंदाबाई, गेंदाबाई हातात."

खाली चरवी ठेवायलाही वेळ मिळाला नाही. चारही सडांतून दूध आपोआप टपकायला लागलं, गोठ्याच्या मातीत. वहिदाबीनं धावत चरवी धरली. "बस, बस गं बाई," म्हणत सत्यभामाबाई खाली टेकल्या, तापलेला सड चिमटीनं हळूच मोकळा केला आणि धार काढायला लागल्या. चरवीचा आवाज आधी खणखणीत होता, मग भरत भरत मऊ झाला. मनस्विनी भिंतीला टेकून ऐकत राहिली. एवढीशीच होती ती ओळ. एक नाव आणि एक हात. घरी गेल्यावर वडिलांना सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

चरवी भरल्यावर सत्यभामाबाई पदरानं हात पुसत अभयपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"लिहा. ही म्हस माझी हाय. वहिदाबीची नाय. तिची खरंच गेली."

अभयनं फाईल उघडली. "नाव?"

"माझं का म्हशीचं?"

"तुमचं, मावशी. म्हशीचं ऐकलं सगळ्यांनी." तो क्षणभर पेनाशी खेळला. "तुमची मदत परत करावी लागेल. पण मी असं लिहितो, की म्हैस जिवंत असल्याचं तुम्हाला आजच कळलं. म्हणजे तुमच्यावर बालंट येणार नाही. हप्त्यांनी भरा."

"तेच खरं हाय की," वहिदाबी घाईघाईनं म्हणाली. चरवी अजून तिनं छातीशी धरली होती. "हिला कसं कळणार? कळलं असतं तर आधीच आली असती. पुराच्या टायमाला दावं कापून जनावर वाचवणारी बाई ही. आणि सत्यभामा, चारा हाय माझ्याकडं. तुझा गोठा उभा राहीपर्यंत ऱ्हाऊ दे हिला इथं. तू गाणं म्हणायला येत जा, दूध निम्मं निम्मं. काय लिहायचं ते लिहा तलाठी साहेब, आजच कळलं म्हणून."

अभयनं पेन टेकवलं.

सत्यभामाबाईंनी म्हशीकडं पाहिलं. मग वहिदाबीच्या हातातल्या चरवीकडं आणि तिच्यापलीकडच्या बाभळीच्या कुंपणाकडं. मनस्विनीला वाटलं, आता त्या हो म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटलं.

"थांबा, तसं नका लिहू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पैसे यायच्या आधीच मी आले होते इथं. फोटो बघून. त्या बाभळीमागं उभी होते. हिनं मला ओळखलं, वहिदाबी, दावं तुटंस्तोवर ओढलं हिनं." त्यांचा आवाज खाली गेला, पण शब्द स्पष्ट होते. "मीच हाक दिली नाय."